तोल, पेच आणि बळ : मल्लविद्येच्या परिभाषेतील यामिकी

मराठी माध्यमातून यामिकीचे अध्यापन करताना बल, तरफ, गुरुत्वमध्य इत्यादी संकल्पना स्पष्ट करण्यासाठी जी उदाहरणे दिली जातात ती बहुधा ठरीव असतात. पहार, कप्पी, भिंतीला टेकलेली शिडी, तराजू ह्यांपलीकडे पाठ्यपुस्तक सहसा जात नाही. परभणी जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान प्रदेशातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड लहानपणापासून पाहिलेला असतो, आणि काहींनी तालमीच्या हौदात प्रत्यक्ष अंगही मळविलेले असते. ज्या विद्येत दोन जड पदार्थांच्या परस्परक्रियेचे ज्ञान शरीरात मुरवावे लागते, त्या विद्येची सिद्ध परिभाषा मराठीत असताना तिच्याकडे यामिकीच्या अभ्यासकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनीही फारसे लक्ष दिलेले नाही. ही परिभाषा भौतिकीच्या कसोटीला कोठे उतरते आणि कोठे अपुरी पडते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ह्या शब्दसंग्रहाची घडण पाहू. ‘मल्ल’ आणि ‘आखाडा’ हे शब्द संस्कृत परंपरेतील; त्यांपैकी आखाड्याचे मूळ ‘अक्षवाट’ ह्या शब्दात मानले जाते. ‘पहिलवान’, ‘कुस्ती’, ‘वस्ताद’ हे फार्सीतून आणि ‘तालीम’ हा अरबीतून फार्सीमार्गे आलेला. तालीम म्हणजे शिक्षण. शिक्षणाच्या स्थळालाच शिक्षणाचे नाव मिळावे ही अर्थाची सरकण लक्षणीय आहे. ह्या प्रदेशातील मल्लविद्येची परंपरा फार्सी शब्दांहून जुनी आहे हे सांगावयास नकोच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या राजवटीच्या प्रभावक्षेत्रातच आजचा मराठवाडा मोडत असे.

परभणीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रीय ग्रंथांची उर्दू भाषांतरे करवून घेण्यात आली आणि त्यासाठी परिभाषा घडविण्यात आली. त्या काळात शिकलेल्या पिढीने गुरुत्वमध्याला ‘मर्कझ-ए-सिक्ल’ आणि बलाला ‘कुव्वत’ म्हणावयास शिकावे, पुढच्या पिढीने ‘गुरुत्वमध्य’ आणि ‘प्रेरणा’ म्हणावे, आणि आजच्या शालेय पुस्तकातून ‘प्रेरणा’ जाऊन तेथे ‘बल’ यावे, अशी तीन स्थित्यंतरे एका शतकाच्या आत झाली. तालमीतील ‘तोल’, ‘डाव’, ‘पेच’, ‘पकड’ मात्र ह्या सर्व काळात जागचे हलले नाहीत. शासन बदलले म्हणून परिभाषा बदलावी लागते ती कागदावरची. अंगवळणी पडलेली परिभाषा असल्या बदलांची दखल घेत नाही.

आता ‘बळ’ ह्या शब्दापासून आरंभ करू, कारण घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. तत्सम ‘बल’ आणि तद्भव ‘बळ’ ही एकाच शब्दाची दोन रूपे. परंतु मराठीने त्यांना दोन वेगळी कामे दिली आहेत. ‘त्याच्या अंगात बळ आहे’ असे म्हणताना बळ हा संग्रह होय. तो माणसाजवळ असतो, खुराकाने वाढतो, आजाराने घटतो. भौतिकीतील बल कोणाच्याही जवळ असत नाही. एक पदार्थ दुसऱ्यावर क्रिया करतो तेवढ्या वेळापुरतेच ते असते, आणि त्याच क्षणी तेवढेच विरुद्ध दिशेचे बल दुसऱ्याकडून पहिल्यावर कार्य करीत असते. हा न्यूटनचा तिसरा नियम विद्यार्थ्याला पाठ असतो, पण पटलेला नसतो. आणि तो न पटण्याचे एक कारण ‘बळ’ ह्या शब्दाच्या घरगुती अर्थात दडलेले आहे. ज्याच्याजवळ बळ अधिक तो अधिक ढकलतो, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः दोन मल्ल एकमेकांना रेटतात तेव्हा दोघांवरील परस्पर बले समानच असतात. मागे सरकतो तो ज्याच्या पायाला जमिनीने कमी साथ दिली तो.

‘जोर’ ह्या शब्दाची कथा तर त्याहून मौजेची आहे. तालमीत जोर हे व्यायामाचे नाव आहे. जोर काढावयाचे असतात, मोजावयाचे असतात, आणि त्यांची जोडी बैठकांशी असते. म्हणजे बाहेरच्या मराठीत जो शब्द बलवाचक आहे तो तालमीत बलासाठी मोकळाच राहिलेला नाही. कुस्ती शिकविणारा वस्ताद शिष्याला ‘जोर लाव’ असे सांगतो हे खरे; पण डाव समजावून देताना त्याच्या तोंडी येणारे शब्द वेगळे असतात. पाय कोठे ठेव, अंग कोणत्या बाजूने वळव, पकड कोठे घे, आणि मुख्य म्हणजे समोरच्याचा तोल कोणीकडे आहे, हेच तो सांगत असतो. ह्यावरून असे म्हणता येते की, मल्लविद्येच्या परिभाषेचा केंद्रबिंदू बळ हा नसून तोल हा आहे.

तोल म्हणजे काय ह्याचे भौतिकीतील उत्तर सोपे आहे. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा पावलांनी वेढलेल्या क्षेत्राच्या आत पडते तोवर तोल आहे. ती बाहेर पडली की तोल गेला. हे वेढलेले क्षेत्र म्हणजे आधारतल होय. सुमारे १७० सेंटिमीटर उंचीच्या प्रौढ पुरुषाचा गुरुत्वमध्य, तो ताठ उभा असता, जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर असतो. पावले शेजारी ठेवून तो उभा राहिला तर मागच्या बाजूला त्याच्या लंबरेषेपासून टाचेच्या कडेपर्यंतचे अंतर १२ सेंटिमीटर धरू. अशा वेळी केवळ ७ अंश मागे कलताच तो पडू लागेल. त्याचे वजन ८० किलोग्रॅम असेल तर त्यावर सुमारे ७८५ न्यूटन गुरुत्वाकर्षण बल कार्य करते, आणि टाचेभोवतीचे त्याचे परिबल सुमारे ९४ न्यूटन-मीटर भरते. छातीवर, म्हणजे १२५ सेंटिमीटर उंचीवर, अवघ्या ७५ न्यूटन बलाने रेटले की हे परिबल संपते. साडेसात किलोच्या पिशवीला उचलण्यास जेवढे बल लागते तेवढेच हे.

आता तोच मल्ल पवित्रा घेऊन उभा आहे असे समजा. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही गुडघे वाकलेले; पावलांमधील अंतर ७० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य उतरून ७० सेंटिमीटरवर आलेला. त्याला मागे पाडण्यासाठी आता २६ अंशांहून अधिक कलवावे लागेल. परिबल सुमारे २७५ न्यूटन-मीटर होईल, आणि खांद्याची उंची १ मीटरवर आल्यामुळे तेथे लावावयाचे बलही २७५ न्यूटन होईल. माणूस तोच, वजन तेच, बळ तेच. केवळ उभे राहण्याच्या रीतीत फरक पडल्याने त्याला पाडणे साडेतीन पटींहून अधिक कठीण झाले. ‘पवित्रा घेणे’ हा शब्दप्रयोग राजकारणाच्या मराठीत ज्या अर्थाने रूढ झाला आहे त्यात हा भौतिक अर्थ पुसला गेला आहे हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

परंतु पवित्र्याची दुसरी बाजूही आहे. पुढेमागे पावले पसरलेला मल्ल त्या दिशेने भक्कम असला तरी आडव्या दिशेने त्याचे आधारतल अरुंद झालेले असते. कोणताही पवित्रा सर्व दिशांनी सारखा बळकट असू शकत नाही. कुस्तीच्या आरंभी जी खडाखडी चालते, ज्या वेळी हातांनी हात झटकले जातात, मानेवर हात टाकून गर्दनखेच केली जाते, ती प्रेक्षकांना वेळकाढू वाटते. तिचा हेतू समोरच्याला पाऊल बदलावयास भाग पाडणे हा असतो. पाऊल उचललेल्या क्षणी आधारतल एका पावलाएवढे उरते. चांगला मल्ल त्या क्षणाची वाट पाहत असतो.

तोल घालविण्याची पुढची पायरी म्हणजे पेच. ‘डावपेच’ हा सामासिक शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याचे दोन घटक निरनिराळे आहेत. डाव हा खेळातील पाळी किंवा खेळी ह्या अर्थाचा. पेच हा फार्सी शब्द पीळ, वळसा, मळसूत्र ह्या अर्थांचा. पेचाची कल्पना मुळातच फिरण्याची आहे, आणि भौतिकीत ज्याला परिबल म्हणतात त्याच्या इतका जवळचा दुसरा शब्द देशी व्यवहारात सापडणे कठीण आहे. बल कोठे लावले ह्यावर ते काय करील हे अवलंबून असते, हा परिबलाचा आशय. परभणीच्या शेतकऱ्याला तो जुवावरून ठाऊक असतो. जोडीतील एक बैल कमकुवत असला तर जुवाचा मध्य थोडा सरकवून त्या बैलाच्या बाजूची भुजा लांब करतात. मग त्याला कमी ओढावे लागते आणि तगड्या बैलावर अधिक भार पडतो. बैलांचे बळ बदलले नाही, टेकूपासूनची अंतरे बदलली.

‘बाहेरील टांग’ हा डाव ह्या दृष्टीने पाहावा. मल्ल आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेरून मागे नेऊन अडवतो आणि त्याचे वरचे अंग मागे रेटतो. रेटणे हे येथे दुय्यम आहे. माणसाला मागे ढकलले तर तो एक पाऊल मागे टाकतो आणि नवे आधारतल निर्माण करतो. चालणे म्हणजेच मुळात पडता पडता पाऊल टाकून सावरणे होय. टांग हे सावरण्याचे पाऊलच काढून घेते. प्रतिस्पर्धी रेटल्यामुळे पडत नाही, पाऊल टाकता न आल्यामुळे पडतो. ‘दुहेरी पट’ ह्या डावात हीच गोष्ट निराळ्या मार्गाने साधते. दोन्ही हातांनी गुडघ्यांमागे कवळ घालून पाय स्वतःकडे ओढावयाचे आणि खांद्याने पोटावर किंवा कमरेवर पुढे रेटावयाचे. खांद्याचे बल एका दिशेला, हातांचे विरुद्ध दिशेला, आणि दोहोंत सुमारे अर्ध्या मीटरचे अंतर. हे बलयुग्म झाले. प्रत्येकी ३०० न्यूटन बल असेल तर युग्माचे परिबल १५० न्यूटन-मीटर होते, आणि ताठ उभ्या मल्लाला उलथविण्यास ते पुरेसे आहे. बलयुग्माची एकंदर बेरीज शून्य असल्यामुळे प्रतिस्पर्धी दूर फेकला जात नाही, आहे तेथेच फिरून पडतो. आणि डाव करणाराच्या पायांवरही मागे घसरविणारे बल येत नाही. एकाच हालचालीत ओढणे आणि रेटणे ही दोन्ही कामे का करावयाची, ह्याचा उलगडा ‘जोर’ ह्या शब्दाने होणार नाही. तो ‘पेच’ ह्या शब्दाने होतो.

शब्द आणि घटना ह्यांचा संबंध किती नाजूक असतो ह्याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १९६१ मध्ये औरंगाबाद येथून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या जानेवारी २०२३ मधील पुण्याच्या अधिवेशनात, माती विभागातील सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड ह्यांच्या लढतीत गायकवाड ह्यांच्या बाहेरील टांगेला पंचांनी ४ गुण दिले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. वादाचा मुद्दा असा की, टांग लागून प्रतिस्पर्धी पडताना त्याची पाठ जमिनीशी धोक्याच्या कोनात आली होती काय. आधुनिक नियमांनुसार पाठीची रेषा जमिनीशी ९० अंशांहून कमी कोन करते ती धोक्याची स्थिती. ती आली तर गुण अधिक, नाही तर कमी. निर्णय योग्य की अयोग्य हा येथील विषय नव्हे. परंतु जुन्या फडात ‘अस्मान दाखविणे’ आणि ‘चीत होणे’ ह्या दोनच अवस्थांना अर्थ होता, आणि त्या हजारो प्रेक्षकांना एकदमच दिसत. कोनाचे माप नियमात आले की निर्णय क्षणार्धाच्या चित्रावर येऊन ठेपतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्याला शब्द पुरत नाहीत.

फेकीच्या डावांकडे वळले की भाषा चित्रमय होऊ लागते. धोब्याने ओले वस्त्र खांद्यावरून फिरवून दगडावर आपटावे तसा प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला पाठीवरून पुढे आपटावयाचे, तो ‘धोबीपछाड’. मोळी, झोळी, खोडा, उखाड ही नावे अशीच शेतातून, घरातून, चावडीतून आलेली. असे नाव शिकणाराला डावाचा आकार आणि क्रम एका शब्दात देऊन टाकते. कपडे आपटताना धोबी प्रथम वस्त्र स्वतःकडे ओढून घेतो, मग वळतो, मग वाकतो. धोबीपछाडीतही ह्याच क्रमाने जावे लागते. ओढल्याने प्रतिस्पर्ध्याची लंबरेषा पावलांच्या पुढे येते, वळल्याने पाठ त्याच्या पोटाला भिडते, गुडघे वाकविल्याने कंबर त्याच्या गुरुत्वमध्याखाली जाते, आणि शेवटचे वाकणे हे केवळ वाहून आलेल्या वजनाला वाट करून देणे असते.

चित्र मात्र एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे प्रमाण. वस्त्र हलके असते, माणूस नसतो. ७५ किलोग्रॅमचा मल्ल ८० किलोग्रॅमच्या प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेतो तेव्हा तोलाचा विचार दोघांच्या मिळून करावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचा गुरुत्वमध्य स्वतःच्या गुरुत्वमध्यापासून मागे ४० सेंटिमीटरवर राहिला तर दोघांचा सामाईक गुरुत्वमध्य डाव करणाऱ्याच्या मध्यापासून सुमारे २१ सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे त्याच्या टाचांच्या बाहेर; आणि फेकणाराच मागे पडतो. तेच अंतर १० सेंटिमीटरवर आणले तर सामाईक मध्य जेमतेम ५ सेंटिमीटर सरकतो आणि पावलांच्या आतच राहतो. पुढे वाकून काही भरपाई करता येते हे खरे, पण ती मर्यादित. अंगाला अंग भिडवून आत शिरण्याचा जो आग्रह तालमीत धरला जातो त्याचे हे कारण आहे. आणि जत्रेतील पोरसवदा मल्लांच्या धोबीपछाडी फसतात त्या बहुधा ह्या ३० सेंटिमीटरमुळे.

‘ढाक’ ह्या डावातही हेच गणित आहे; फरक एवढाच की मान व हात कवेत घेऊन प्रतिस्पर्ध्याला कमरेवरून फिरविले जाते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्या डावासाठी प्रसिद्ध होते. ते उंचीने कमी होते, आणि कमरेवरून फेकावयाच्या डावांत बुटकेपणा हा दोष नसून सोय आहे. ज्याचा गुरुत्वमध्य आधीच खाली आहे त्याला प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरण्यासाठी कमी उतरावे लागते. ‘कलाजंग’ मध्ये, जेथे हात व मांडी धरून प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घेतात, हा लाभ आणखी स्पष्ट दिसतो.

येथवरच्या विवेचनावरून शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. शक्ती आणि युक्ती ह्यांना परस्परविरोधी मानणे ही कथाकीर्तनातील सोय आहे. भौतिकी तिला पाठिंबा देत नाही. पेच परिबलाची भुजा वाढवितो, बल निर्माण करीत नाही. समान कौशल्याच्या दोन मल्लांत वजनाने मोठा असलेलाच वरचढ ठरतो, आणि म्हणूनच वजनी गट करावे लागले. मात्र हा वरचढपणा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. स्नायूचे बल त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते आणि वजन घनफळाबरोबर. सर्व मापे दहा टक्क्यांनी मोठी असलेल्या मल्लाचे बल सुमारे २१ टक्क्यांनी अधिक असेल, पण वजन ३३ टक्क्यांनी. स्वतःचे शरीर उचलण्याच्या कामात तो तुलनेने दुबळाच ठरतो. लहान वजनी गटांतील कुस्ती चपळ आणि मोठ्या गटांतील संथ असते ती ह्यामुळे. तिचा मल्लांच्या आळसाशी संबंध नाही.

ह्याच तत्त्वांवर दुसऱ्या संस्कृतीने काय उभारले हे पाहणे उद्बोधक ठरेल. जपानमध्ये जिगोरो कानो ह्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही संस्था स्थापून जुन्या जुजुत्सूतून जूदो घडविला. प्रत्येक फेकीच्या आधी प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडण्याची स्वतंत्र अवस्था त्यांनी मानली आणि तिला ‘कुझुशी’ असे नाव दिले. ज्या क्रियापदापासून हे नाव झाले ते सकर्मक आहे. त्याचा अर्थ ढासळविणे, मोडणे. मराठीत तोल जातो, राखला जातो, सावरला जातो. दुसऱ्याचा तोल आपण काय करतो ह्यासाठी एक ठसठशीत क्रियापद रूढ झालेले नाही. अनुभव दोन्हीकडे एकच. एका भाषेने तो आक्रमकाच्या बाजूने पाहिला, दुसरीने सावरणाऱ्याच्या. कोदोकानमध्ये शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, आणि त्यांच्या शिकवणीतून ग्रेसी कुटुंबाने जी पद्धती वाढविली तीच आज ब्राझिलियन जुजुत्सू म्हणून ओळखली जाते.

तिच्यातील विशेष असा की, पाठ जमिनीला लागणे हा तेथे पराभव नाही. उताणा पडलेला मल्ल दोन्ही पाय आणि कंबर ह्यांचा उपयोग करून वरच्याला जखडतो. त्याचा तोल जाण्याचा प्रश्नच उरलेला नसतो, कारण संपूर्ण पाठ हे त्याचे आधारतल झालेले असते. तोल सांभाळावा लागतो तो वरच्याला. मग सांध्यांची तरफ सुरू होते. प्रतिस्पर्ध्याचा हात मांड्यांत जखडून, कोपर आपल्या कमरेच्या हाडावर टेकवून मनगट खाली ओढले तर कमर हा टेकू, पुढचा हात ही तरफ. मनगट कोपरापासून २५ सेंटिमीटरवर आणि तेथे ३०० न्यूटन बल धरले, आणि त्याला विरोध करणारे अस्थिबंध सांध्याच्या अक्षापासून ३ सेंटिमीटरवर आहेत असे मानले, तर त्या बंधांवर २,५०० न्यूटन ताण येईल. म्हणून तेथे प्रतिस्पर्धी हाताने थोपटून हार मानतो. कुस्तीत सांधा मोडण्याइतका पिळण्यास मनाई आहे आणि चीत होताच कुस्ती निकाली ठरते. त्यामुळे पेचाचा रोख सांध्यावर न राहता सबंध धडावर राहिला. यामिकी दोन्हीकडे एकच आहे. नियम निराळे, म्हणून शब्द निराळे.

आता मातीविषयी, कारण परभणीत हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. जिल्ह्यातील गोदावरी आणि पूर्णा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील जमीन बहुतांशी काळी, भारी, फुगणाऱ्या चिकणमातीची. ओली झाली की ती अंगाला चिकटते आणि पाय रुतवते. चैत्र-वैशाखात वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. कुस्तीला ती दोन्ही अवस्थांत निरुपयोगी. म्हणून हौदात तांबडी माती आणून टाकावी लागते, तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात, आणि ती नित्य खणून खालीवर करतात. घामाने निसरड्या झालेल्या अंगावर मल्ल माती टाकतात ती घर्षण वाढून पकड बसावी म्हणून. हे सर्वांना ठाऊक असते. माती खणण्यामागील कारण मात्र व्यायाम हेच मानले जाते, आणि ते अपुरे आहे.

पाठीवर १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या शरीराचा वेग जमिनीशी येताना सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. हा वेग किती अंतरात थांबतो ह्यावर इजा ठरते. भुसभुशीत मातीने ५ सेंटिमीटर जागा दिली तर शरीरावरील सरासरी रोधक बल त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट असते. टणक जमिनीने एकच सेंटिमीटर दिला तर ते शंभरपट होते. जत्रेच्या दिवशी नांगरट झालेल्या किंवा गुरे बसलेल्या काळ्या रानात वर तांबड्या मातीचा पातळ थर पसरून फड आखला, तर पहिल्या दहाबारा कुस्त्यांतच तो थर पायांनी बाजूला होतो आणि पुढच्या जोड्या टणक ढेकळांवर पडतात. आरंभीच्या कुस्त्या रेवड्यांवरच्या, लहान मुलांच्या. ती हलकी असतात आणि कमी उंचीवरून पडतात. मोठ्या इनामाच्या, वजनदार जोडींच्या कुस्त्या शेवटी लागतात, म्हणजे जमीन सर्वांत वाईट झालेली असते तेव्हा. धोबीपछाडीत किंवा कलाजंगात फेकलेला मल्ल पाठीऐवजी डोक्यावर किंवा मानेवर आला तर त्याचे सबंध वजन मानेच्या काही मणक्यांवरून थांबविले जाते, आणि तेथे पाठीसारखे पसरट क्षेत्र नसते. चार बोटे माती अधिक, आणि मोठ्या जोडीच्या आधी फावड्याने ती एकदा पुन्हा भुसभुशीत करणे, एवढ्याने हे बल कित्येक पटींनी कमी होते.